खतर, धोका, जोखीम आणि एक अडलेला शब्द

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि आमची नववीतली लेक इंग्रजीचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"आई, पार्लस म्हणजे काय गं?"

"पार्लर असेल. नीट वाच," मी कांदा चिरता चिरता म्हटलं.

"पार्लर नाही गं, पार्लस! एका देशाची अर्थव्यवस्था पार्लस स्टेटमध्ये आहे, असं लिहिलंय. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आहे."

आता आली का पंचाईत! मी चिपळूणच्या मराठी शाळेतली. पस्तीस मार्कांच्या वर इंग्रजी कधी फारसं चढलं नाही. हात धुतले, चष्मा लावला, कपाटातली जाडजूड डिक्शनरी काढली. तिथे अर्थ होता, धोक्याने भरलेला, संकटाचा. मी लगेच मराठी करून दिलं, "अर्थव्यवस्था धोकादायक स्थितीत आहे." लेकीने नाक मुरडलं. "आई, धोकादायक तर जुनी बिल्डिंग असते!"

मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हलाखीची म्हण की. हलाखीची परिस्थिती."

अगदी चपखल! मी बघतच राहिले. डिक्शनरीला जे जमलं नाही ते आईंनी मेथीच्या जुडीत बसवून दिलं. लेकीने लिहून घेतलं आणि ती पळाली. मी मात्र त्या शब्दात अडकले ती अडकलेच. पुढचे दोन महिने जे जे वाचलं, शोधलं, आईंशी बोलताना सापडलं, ते आपल्या अंकाच्या वाचकांना सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच. मी भाषेची प्राध्यापक वगैरे नाही, तेव्हा गोड मानून घ्या.

प्रथम या पार्लसबाईंची जन्मकथा. धोक्यासाठी इंग्रजीत पेरिल म्हणून शब्द आहे, त्याचं विशेषण पेरिलस. चौदाव्या शतकाच्या सुमारास लोकांच्या बोलण्यात या पेरिलसमधलं मधलं अक्षर गिळलं गेलं आणि पेरिलसचं झालं पार्लस. म्हणजे आपण 'येऊन राहिलो आहे'चं 'येऊन ऱ्हायलोय' करतो तसलाच प्रकार. मूळ शब्दही राहिला आणि त्याचं झिजलेलं रूपही राहिलं.

शेक्सपिअरच्या काळात हा शब्द चांगला बोलण्यातला होता. 'ॲज यू लाइक इट' या नाटकात टचस्टोन नावाचा विदूषक एका साध्याभोळ्या मेंढपाळाला सांगतो, की तू कधी राजदरबार पाहिला नाहीस, म्हणजे तुझी अवस्था फार पार्लस आहे बाबा! गंमत पुढेच आहे. 'रिचर्ड द थर्ड' नाटकात एक चुरचुरीत बोलणारा छोटा राजपुत्र आहे. त्यालाही पार्लस म्हटलंय. मुलगा कसला धोकादायक? तर तिथे अर्थ आहे अतिशय हुशार, तिखट जिभेचा, ज्याच्यापासून जपून राहावं असा. हळूहळू तर हा शब्द नुसता 'फार', 'अतिशय' या अर्थानेही वापरला जाऊ लागला.

हे वाचलं आणि मला हसू आलं. कारण आपण तरी वेगळं काय करतो? "भयंकर आवडलं मला!" "भयानक गोड आहे हो बाळ!" पुण्याची माझी भाची तर सिनेमा आवडला की "खतरनाक!" म्हणते. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आमच्या वर्गातली इथली मुलंसुद्धा एखादी गाडी आवडली की खतीर म्हणतात!" खतीर म्हणजे अरबीत धोक्याचा. घ्या! सोळाव्या शतकातलं लंडन, पुणे आणि आमचं हमद टाउन, तिन्हीकडे तीच तऱ्हा. भीती वाटायला लावणारी गोष्ट आणि थक्क करणारी गोष्ट माणसाच्या मनात शेजारी शेजारीच राहत असावी.

पुढे सतराव्या शतकात पार्लस मागे पडला, जवळजवळ विसरलाच गेला. एकोणिसाव्या शतकात जुन्या शब्दांची आवड असलेल्या लेखकांनी त्याला पुन्हा बाहेर काढलं. पण परत आला तो सगळं वैभव गमावून. आता त्याचा संसार मुख्यतः एकाच शब्दाशी, स्टेट म्हणजे अवस्था. देशाची तिजोरी, संस्थेचा कारभार, पडायला आलेला वाडा, यांची अवस्था पार्लस. प्रवास, रस्ता, घाट यांना मात्र पेरिलस. कुत्र्याला किंवा विजेच्या तारेला कोणी पार्लस म्हणत नाही. आपल्याकडे भंबेरी कशी फक्त उडते, दुसरं काहीच करत नाही, तसं याचं आहे. मुलांनो, परीक्षेत एवढं लक्षात ठेवा. समोर उभ्या असलेल्या संकटाला पार्लस म्हणायचं नाही. संकटाने आतून पोखरलेल्या अवस्थेला म्हणायचं. म्हणूनच आईंचा 'हलाखीची' शब्द इतका नेमका बसला.

आता हा हलाखी शब्द मराठीत आला कुठून? त्यासाठी माझ्याबरोबर थोडं हमद टाउनमध्ये फिरायला चला.

मनामात राहणाऱ्या मंडळींना हमद टाउन म्हणजे गावाबाहेरचं वाटतं. "एवढ्या लांब का राहता?" हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ठरलेला. हे शहर सरकारने नव्याने वसवलेलं, १९८४ साली लोक राहायला आले. तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे हमद बिन ईसा यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. इथे पत्ता सांगायचा तो दव्वारच्या नंबरावर. दव्वार म्हणजे वाहतुकीचा गोल चौक. पण नव्या शहराच्या अंगाखांद्यावर फार जुनं काही आहे. ते म्हणजे दिलमुन संस्कृतीतले चार हजार वर्षांपूर्वीचे दफनांचे उंचवटे. २०१९ साली युनेस्कोने बहारीनमधल्या या उंचवट्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यातले काही आमच्या घरांच्या शेजारीच आहेत. आई पहिल्यांदा आल्या तेव्हा "एवढी वारुळं कशी गं इथे?" म्हणाल्या होत्या.

तर रोज संध्याकाळी आई आणि लेक फिरायला जातात. वाटेत विजेचं सबस्टेशन लागतं. त्याच्या दारावर कवटी, विजेचा बाण आणि अरबी अक्षरं. एक दिवस आईंनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" लेक शाळेत अरबी शिकते. तिने वाचून दाखवलं, "खतर. खतर अल-मौत."

"अगं, मग हे मराठीच की!" आई म्हणाल्या.

दोघी ही गोष्ट सांगत सांगत घरी आल्या, जणू काही रस्त्यात गावचं कोणी भेटलं होतं. आणि खरंच होतं ते. खतर हा अरबी शब्द फारसीत गेला, फारसीतून दख्खनच्या दरबारांत आला. बहामनी, निजामशाही, आदिलशाही यांचा कारभार फारसीतून चाले. गावच्या पाटलापासून किल्ल्यावरच्या हवालदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते शब्द बसले. खतऱ्याला फारसी 'नाक' हा प्रत्यय लागला आणि खतरनाक तयार झाला. याचा आपल्या नाकाशी काही संबंध नाही हं! दर्दनाक, शर्मनाक मधलाच हा नाक, म्हणजे 'ने भरलेला'.

हलाखीही त्याच वाटेने आली. अरबीत हलाक म्हणजे नाश, मरण. आपल्याकडे येता येता मरणाचं नुसतं दारिद्र्य आणि दुर्दशा झाली. अर्थ सौम्य झाला पण आतला काळा रंग गेला नाही. कोणी "हलाखीत दिवस काढले" म्हणतं तेव्हा ते नुसतं 'पैसे कमी होते' असं नसतं. घर बुडता बुडता राहिलं, असं त्यात असतं.

शिवाजी महाराजांना मराठी कारभारातला हा फारसीचा भार खटकला. त्यांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशवा या शब्दाला पंतप्रधान, तो त्याच काळातला. कारभाराचे शब्द असे ठरवून बदलता येतात. पण घाबरल्यावर, रडताना, भांडताना तोंडून जे शब्द निघतात ते हुकमाने बदलत नाहीत. हलाखी राहिली, आफत राहिली, दगा राहिला आणि दहशतही राहिली.

मग आपला अस्सल शब्द कोणता? धोका! महाराष्ट्रात विजेच्या खांबावर, डी.पी.वर, लाल कवटीखाली हाच असतो. पण यातही एक गंमत आहे. आमच्या शेजारच्या लखनौच्या भाभी लग्नानंतर पहिल्यांदा रेल्वेने मुंबईला आल्या, तेव्हा जागोजाग 'धोका' वाचून त्यांना वाटलं, या गावात किती फसवाफसवी चालते की खांबाखांबावर लिहून ठेवावं लागतं! हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. शब्द मुळात एकच असावा. हिंदीने त्यातला फसवणारा माणूस धरून ठेवला, मराठीने फसल्यानंतर येणारं संकट धरलं. म्हणून आपण धोका 'पत्करतो' आणि ते धोका 'खातात'.

संकट हा संस्कृत शब्दही मुळात जागेचा आहे. त्याचा अर्थ अरुंद, चिंचोळा. अडचणीचंही तेच. "कपाट ठेवलं आणि खोलीत अडचण झाली" हीसुद्धा अडचण आणि "मोठ्या अडचणीत आहे" हीसुद्धा अडचणच. मुंबईतल्या चाळीत वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इंग्रजीतले शब्द उकलून बघितले तर तिथेही प्रत्येक शब्दात एक जुना प्रसंग दडलेला. डेंजर हा शब्द फ्रेंचांकडून आला आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिनमधला धनी, मालक. डेंजरमध्ये असणं म्हणजे कोणाच्या तरी सत्तेखाली, तावडीत असणं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ शायलॉकच्या डेंजरमध्ये आहे तो याच अर्थाने. हॅझर्ड हा शब्द मुळात फाशांच्या खेळाचा. तो बहुधा अरबी 'अझ-झहर' म्हणजे फासा यातून, स्पेन आणि फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचला. रिस्क या शब्दाच्या मुळाबद्दल पंडितांचं एकमत नाही. एका मताप्रमाणे तो अरबी रिझ्क म्हणजे देवाने दिलेली रोजची भाकरी यातून आला. आणि ज्या पेरिलपासून आपण सुरुवात केली, त्याचा लॅटिन पूर्वज म्हणजे परीक्षा, करून बघणं. एक्स्पीरिअन्स आणि एक्स्पर्ट हे त्याचेच सख्खे भाऊबंद. म्हणजे धोका, अनुभव आणि अनुभवी माणूस, तिघे एकाच घरातले. गल्फमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेल्यांना हे नातं पटायला हरकत नाही!

पण मला सगळ्यात जास्त चकित केलं ते आपल्या जोखमीने.

जोखीम हा शब्द आला कुठून, तर भाषेचे अभ्यासक त्याला योगक्षेमाकडे नेऊन पोचवतात. गीतेच्या नवव्या अध्यायातला तोच योगक्षेम. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपलं ब्रीद त्याच श्लोकातून घेतलं आणि मुंबईत नरिमन पॉइंटला त्यांच्या मुख्य कार्यालयाचं नावही योगक्षेमच आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या महामंडळाची एक कंपनी १९८९ पासून इथे बहारीनमध्येही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात तिची पॉलिसी असेलच.

आता बघा, 'तुझं सगळं नीट राखीन' असं सांगणारा शब्द झिजत झिजत 'काही राहील याचा भरवसा नाही' या अर्थापर्यंत कसा आला? योगक्षेमाचं जोखीम होणं म्हणजे पेरिलसचं पार्लस होणंच, पण इथे नुसती अक्षरं गिळली गेली नाहीत, अर्थाने कूस बदलली. मला वाटतं, याचं उत्तर व्यापाऱ्यांच्या पेढीवर आहे. एखाद्याने दुसऱ्याचा माल सुखरूप पोचवण्याची हमी घेतली, की मालकाच्या दृष्टीने तो योगक्षेम आणि हमी घेणाऱ्याच्या दृष्टीने ती जोखीम. व्यवहार एकच, बाजू दोन.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. साधी हुंडी म्हणजे अमुक पेढीने अमुक रक्कम द्यावी अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीत मात्र अट असे, की गलबत मालासकट सुखरूप बंदरात पोचलं तरच पैसे द्यायचे. माल पाठवणारा अशी हुंडी लिहून सावकाराला विकी आणि पैसे आधीच मोकळे करून घेई. गलबत पोचलं तर सावकाराला पूर्ण रक्कम मिळे, बुडालं तर पैसे गेले. एवढी जोखीम घ्यायची म्हणून तो हुंडी कमी भावाने विकत घेई. म्हणजे कर्ज, हुंडी आणि विमा एकाच कागदावर! विमा कंपन्यांचे गुळगुळीत कागद येण्याच्या आधीपासून आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी समुद्राची भीती अशी आकड्यात मांडली होती.

आणि हा समुद्र मुंबईपासून थेट या बेटापर्यंत एकच आहे. आज आपण चार तासांत उडून येतो, तेव्हा मोसमी वाऱ्यांवर शिडं भरून यायचे. मोसम हा शब्दही अरबीच, इंग्रजांनी त्याचाच मॉन्सून केला. कोकणातला नाखवा आणि इथला नाखुदा हेही एकच, फारसीत त्याचा अर्थ नावेचा धनी. बहारीनचं मोती एकेकाळी मुंबईच्या बाजारात जायचं, तिथे त्याची प्रतवारी होऊन, भोकं पाडून, माळा ओवून ते पॅरिस-लंडनला पोचायचं. इथे व्यवहार रुपयांत चालायचा, बहारीनचा स्वतःचा दिनार आला तो १९६५ साली. मनामातल्या जुन्या बाजारात आपण पाणीपुरी खायला जातो, तिथे सिंधी-भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या दोनशे वर्षांपासून आहेत.

मोत्याचा धंदा म्हणजे जोखमीची उतरंडच. सगळ्यात वर मुंबईचा मोठा व्यापारी, त्याखाली इथला व्यापारी, त्याखाली उचल घेऊन होडी काढणारा नाखुदा, आणि सगळ्यात तळाशी, अक्षरशः समुद्राच्या तळाशी, पाणबुड्या. पायाला दगड, नाकाला चिमटा, गळ्यात टोपली. उन्हाळ्याचे चार महिने, दिवसातून कितीतरी बुड्या. कान फुटायचे, छाती भरून यायची, शार्क असायचे ते वेगळेच. पाणबुड्यानेही नाखुद्याकडून उचल घेतलेली असायची आणि हंगाम वाईट गेला की ते कर्ज पुढच्या वर्षावर. म्हणजे फ्रेंच अर्थाने डेंजर, मालकाच्या तावडीत असणं, ते हेच. १९२० च्या दशकात इथल्या राज्यकर्त्यांनी कर्जाचे हिशोब वहीत लिहून ठेवायचे नियम केले, तेव्हा कुठे थोडा आवर बसला.

मग फासे उलटे पडले. जपानमध्ये मिकिमोतोने शिंपल्यात मोती वाढवण्याचं तंत्र बसवलं आणि १९२० च्या दशकात ते गोल, स्वस्त मोती बाजारात आले. १९२९ साली अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. ज्या बेटाचा सगळा संसार मोत्यांवर, त्याची अवस्था काय झाली असेल? पार्लस! हलाखीची! दुसरा शब्दच नाही. त्यातून बेट वाचलं, कारण १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं. अरबस्तानच्या बाजूच्या आखातातली ती पहिली तेलविहीर. आमच्या हमद टाउनहून गाडीने दक्षिणेला निघालं की ती विहीर फार लांब नाही. मोत्यांच्या त्या काळाच्या खुणा आता मुहर्रकमध्ये जपल्या आहेत, २०१२ साली युनेस्कोने त्यांनाही जागतिक वारसा ठरवलं. पाहुणे आले की किल्ला, मॉल झाल्यावर तिथेही जरूर न्या. आम्ही आईंना नेलं होतं. पाणबुड्याची टोपली बघून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्याच रात्री जेवताना विषय निघाला आणि माझ्या अडलेल्या शब्दाचा खरा अर्थ मला कळला.

झालं असं, की २०२० साली, कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, ह्यांच्या कंपनीत पगार निम्म्यावर आले. किती महिने, पुढे काय, कोणी सांगेना. व्हिसा नोकरीवर, घरभाडं, शाळेची फी, गावच्या घराचा हप्ता. विमानं बंद, म्हणजे परत जायचं म्हटलं तरी वाट नाही. मिरजेला रोज फोन व्हायचा. आई विचारायच्या, "कसं चाललंय?" आणि आम्ही दोघं एका सुरात, "सगळं ठीक आहे!" लेकीलासुद्धा बजावलं होतं, आजीजवळ बोलायचं नाही. आपल्यापैकी किती घरांत त्या वर्षी हेच वाक्य बोललं गेलं असेल! खोटं बोलायचं म्हणून नाही. एवढ्या लांबून काळजी पाठवून काय उपयोग, असं वाटायचं.

दोन आठवड्यांनी आईंचा फोन आला, "या महिन्यापासून पैसे पाठवू नका. इथे बँकेत फार गर्दी असते, मला जाता येत नाही. पेन्शन पुरते मला." आम्हाला वाटलं, बरं झालं, योग जुळून आला. सहा-सात महिन्यांनी पगार पूर्ववत झाले, पैसे पुन्हा सुरू झाले, विषय संपला.

त्या रात्री मुहर्रकहून आल्यावर लेक म्हणाली, "आजी, तुला तो शब्द इतका पटकन कसा सुचला गं? हलाखी?"

आई म्हणाल्या, "अगं, बाहत्तरचा दुष्काळ बघितलाय मी. घरात सुकडी खाऊन राहिलोय. तेव्हा तुझे पणजोबा मुंबईच्या दिरांना पत्र लिहायचे, येथील सर्व क्षेम आहे. मीच पोस्टात टाकून यायची." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुम्ही दोघं फोनवर एकदम 'सगळं ठीक' म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं. माणूस ठीक असला की पावसाचं बोलतो, भाजीचं बोलतो. नुसतं ठीक आहे म्हणत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी ताटाकडे. बँकेतली गर्दी आम्हाला त्या दिवशी समजली.

येथील सर्व क्षेम! १९७२ च्या दुष्काळातल्या त्या पत्रात हा शब्द किती जपून लिहिला गेला असेल. त्याच क्षेमाची पुढे जोखीम कशी होते, यावर मी दोन महिने पुस्तकं चाळत होते. आईंच्या घरात तो अर्थबदल एका पोस्टकार्डात झाला होता.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. फोनवर 'ठीक' हा शब्द बंद. बरं नसेल तर बरं नाही म्हणायचं, पैसे कमी असतील तर कमी आहेत म्हणायचं. लेक गमतीने विचारते, "आजी, पार्लस की नॉट पार्लस?" आणि मिरजेहून उत्तर येतं, "गुडघे पार्लस, बाकी सगळं छान. आज मंडईत वांगी चांगली मिळाली." अर्थात इंग्रजीच्या बाई गुडघ्यांना हा शब्द चालवून घेतील की नाही, माहीत नाही!

मार्चमध्ये आई परत जायला निघाल्या. त्यांच्या पर्समध्ये दोन पाटल्या आणि थोडी कॅश होती. आमच्याकडच्या जुन्या बायका अशा ऐवजालाच जोखीम म्हणतात. रात्रीच्या एसटीने जाताना "अंगावर जोखीम आहे, जपून" असं मी लहानपणापासून ऐकलंय. विमानतळावर त्या ह्यांच्या कानात कुजबुजल्या, "पर्समध्ये जोखीम आहे हं, मी हातातून सोडणार नाही." ज्याच्या जाण्याची भीती वाटते ती वस्तूही जोखीम आणि ती भीतीही जोखीम. दोन्ही एकाच शब्दात.

मग आत जाण्यापूर्वी त्यांनी नातीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ही जोखीम सांभाळ."

लेकीने विचारलं, "आई, आजी मला धोका म्हणाली का?"

घरी येताना गाडीत तिला सगळं समजावून सांगितलं. मनामा ते हमद टाउन अर्धा तास लागतो, तेवढा पुरला.

सर्व वाचकांना, त्यांच्या इथल्या आणि गावाकडच्या जोखमीसह, दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!